गाडी बंद पडली की ती घर नसते

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"यजमान बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली. आत पलंग, ओटा, छोटा फ्रीज, गॅस, सगळं केलेली. डिसेंबरात अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन गणपतीपुळ्याला निघालो. कोल्हापुरातूनच उशीर झाला, आंबा घाट उतरताना अंधार पडला. निम्म्या घाटात जळका वास यायला लागला आणि ब्रेकवरचा पाय पार खाली जायला लागला. यजमानांनी कशीबशी एका वळणाच्या पुढे कडेला गाडी लावली. म्हणाले, 'तू आत बस, चहा ठेव, पोराला झोपव, मी बघतो.' स्वतः टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. येणारा प्रत्येक ट्रक आमची गाडी हलवून जात होता. कुणाला तरी फोन करूया म्हटलं तर चिडले. पाऊण तासानं ब्रेक आपोआप लागायला लागला, आम्ही साखरप्याला उतरलो. तेव्हापासून गाडी अंगणात उभी आहे. ते म्हणतात काही झालंच नव्हतं. मी म्हणते, विकून टाका. न्यू जर्सीचा पुतण्या म्हणतो, सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र आणतो, मग काळजी नाही. पुन्हा असं झालं तर आम्ही करायचं काय?" – एक आजी, कोल्हापूर

ताई,

तुमच्या पत्रातलं 'तू आत बस, चहा ठेव' हे वाक्य मी तीनदा वाचलं. यजमानांना नावं ठेवत नाही. दहा वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात, पोफळीच्या वर, आमची गाडी उभी राहिली तेव्हा मी बायकोला जवळपास हेच म्हणालो होतो. साधी मोटार बंद पडली की माणसं आपोआप बाहेर येतात, कारण आत बसून करायचं काय? आपल्या गाडीत पलंग आहे, दिवा आहे, दुधाची पिशवी आहे. दार लावलं की रस्ता बाहेर राहिला असं वाटतं. रस्ता बाहेर राहिलेला नसतो. भिंत म्हणजे पत्रा आणि त्याला आतून लावलेला प्लाय.

पुढचं जरा अवघड वाटेल, पण लिहितो. अशा बहुतेक गाड्यांत पलंग मागच्या बाजूला असतो. नातवाला तुम्ही तिथंच झोपवलं असणार. रात्री कडेला उभ्या गाडीला धडक बसते ती मागून. म्हणजे सगळ्या गाडीतली सगळ्यात वाईट जागा आपण पोराला दिली, आणि तीही मायेनं.

म्हणून गाडी थांबली की पहिला प्रश्न 'काय बिघडलं' हा नाही. पहिला प्रश्न, 'आपण कुठे उभे आहोत?' रस्त्यावर किंवा रस्त्याच्या काठावर असू, तर गाडी ही गाडी आहे, घर नाही. सगळ्यांनी खाली उतरायचं, तेही रहदारीच्या बाजूच्या दारानं नाही. लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे, आणि गाडीपासून मागे, म्हणजे येणाऱ्या वाहनांच्या दिशेला थोडं जाऊन थांबायचं. धडक बसली तर गाडी पुढे ढकलली जाते. पुढे उभा असलेला माणूस तिच्या वाटेत येतो. कठड्यापलीकडे दरी असेल तर अर्थातच तिकडे जायचं नाही, डोंगराच्या अंगाला जायचं. अंगावर चकाकणारी जाकिटं हवीत. ती दाराजवळच्या खुंटीला, पलंगाखालच्या कप्प्यात नव्हे. एक्स्प्रेसवेवर तर दोन मिनिटंही आत बसू नका.

आता लाल त्रिकोण. सरळ रस्त्यावर तो गाडीच्या निदान पन्नास मीटर मागे, वेगवान रस्त्यावर आणखी मागे. तुम्ही वळणाच्या पुढे थांबला होता. तिथं पन्नास मीटर मोजून उपयोग नाही, त्रिकोण वळणाच्या अलीकडे गेला पाहिजे, म्हणजे ट्रकवाल्याला स्टेअरिंग फिरवायच्या आधी दिसेल. दोन ठेवा, एक वळणाआधी, एक गाडीमागे. आपल्याकडचे ट्रकवाले झाडाच्या फांद्या तोडून रस्त्यात टाकतात, ती खूण घाटातल्या प्रत्येक चालकाला कळते. त्रिकोण नसेल तर तेही चालेल. मात्र निघताना फांद्या आणि चाकाला लावलेले दगड उचलून कडेला टाका. चाकाला लावलेला दगड तसाच ठेवून निघून जाणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात काय आहे ते इथं छापता येणार नाही. त्या दगडावर पुढे कुणाचा तरी मुलगा मोटारसायकल घालतो.

आणि गाडीखाली शिरायचं नाही. रस्त्याच्या कडेला, रात्री, उतारावर, ब्रेक संशयास्पद असलेल्या गाडीखाली तर नाहीच. तिथं टॉर्चच्या उजेडात त्यांना दिसणार तरी काय होतं?

आता याची दुसरी बाजू, आणि हीच मला जास्त आवडते. एकदा गाडी सुरक्षित जागी आली, पेट्रोल पंपावर, ढाब्याच्या आवारात, एसटी स्टँडच्या बाजूला, देवळाच्या पटांगणात, की ती पुन्हा घर होते. मग तुमच्याइतका श्रीमंत प्रवासी त्या रस्त्यावर दुसरा नाही. पाणी आहे, अंथरूण आहे, पोहे करता येतात. घाई कसली? रात्री अकराला मिळेल तो मेकॅनिक, मागेल ते पैसे, टॉर्चच्या उजेडात जुगाड, हे मोटारवाल्याला करावं लागतं, कारण त्याला रात्र काढायला जागा नसते. आपण सकाळी आठला गॅरेज उघडेपर्यंत थांबू शकतो. पंपावरच्या माणसाला सांगायचं, "दादा, गाडी बिघडलीय, रात्रभर इथं थांबू का?" नाही म्हणणारा मला फार क्वचित भेटला. गाव जवळ असेल तर पोलीस पाटलांना कळवा, रात्र निर्धास्त जाते.

म्हणून जागेचा निर्णय तुमचा आणि यंत्राचा निर्णय यजमानांचा, असं आजच ठरवून टाका. चालकाचं डोकं तेव्हा बॉनेटमध्ये अडकलेलं असतं. कुठे थांबायचं, कोण कुठे उभं राहायचं, कधी फोन करायचा, हे दुसऱ्यानं बघायचं. भांडण झालं ते ब्रेकवरून नाही, हे ठरलेलं नव्हतं म्हणून झालं. आमच्याकडे कुंभार्लीनंतर हे ठरलं. तेव्हापासून मी बॉनेट उघडायच्या आधी बायकोकडे बघतो.

आता ब्रेक. 'काही झालंच नव्हतं' हे यजमानांचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. झालं ते असं. प्रवासी ट्रॅव्हलर कधी भरलेली, कधी रिकामी धावते. आपली गाडी कायम भरलेली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यावर बॅटऱ्या, पलंग, कपाटं. हे ओझं घेऊन चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला, की ब्रेक तापतात. ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल आत शिरली की त्याचा उकळायचा अंश खाली येतो. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली गेला. पाऊण तासात गार झालं, वाफेचं पुन्हा द्रव झालं आणि ब्रेक 'आपोआप' लागला. दुरुस्त काही झालं नाही. पुढच्या घाटात तेच होईल.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालली असो वा नसो. जुनी गाडी घेताना इंजिन सगळे बघतात, हे ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारणारा विरळाच. सोबत ब्रेकचे ड्रम (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं), त्यांना आतून घासणारे लायनर, नळ्या, सगळं तपासून घ्या.

घाट उतरायचा नियम जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिनानं गाडी धरली पाहिजे, पायानं नाही. ब्रेक दाबायचा तो ठाम आणि थोडा वेळ, मग सोडायचा. हलका पाय सतत टेकवून ठेवला की ड्रमला गार व्हायला वेळच मिळत नाही. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आणि सांडपाण्याची टाकी घाटाआधी, सोय असेल तिथं रिकामी करा. पन्नास-साठ किलो घाण पाणी कोकणात घेऊन जाण्यात काय हशील?

चालत्या गाडीत पाय खाली गेला तर इंजिन बंद करायचं नाही. बंद केलं की ब्रेकची उरलीसुरली ताकदही जाते आणि स्टेअरिंग जड होतं. पाय भराभर दोन-चार वेळा दाबून बघायचा, कधी कधी तेवढ्यानं दाब परत येतो. एक-एक गिअर खाली, हँडब्रेक हळूहळू, बटण दाबून धरून. लाईट आणि हॉर्न सुरू. अगदीच वेळ आली तर दरीच्या नाही, डोंगराच्या अंगाला, गटाराकडे घासत न्यायची. पत्रा जाईल, जाऊ दे.

थांबल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. पुढे उतार असेल तर इंजिन बंद करून रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, पुढची चाकं डोंगराकडे वळवा, चाकांना दगड लावा. मग गार होऊ द्या. पाय घट्ट लागला तरी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फक्त पहिल्या सुरक्षित जागेपर्यंत जायचं, गणपतीपुळ्यापर्यंत नव्हे.

फोनचं म्हणाल तर फोन करणं म्हणजे हार मानणं नाही, हे यजमानांना माझ्या नावानं सांगा. आंबा घाट राष्ट्रीय महामार्गावर आहे, आणि राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास असतो. जिवावर बेतलं असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. आपल्या सिमकार्डाला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर ११२ लागू शकतो, म्हणून लावून बघायचाच. खरी अडचण पुढे येते. पलीकडचा विचारतो, "कुठे आहात?" आणि आपण म्हणतो, "घाटात." घाट केवढा मोठा! रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड वाचायची सवय लावा. वरून पिवळा असेल तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तो राज्य महामार्ग. हे काम नातवाला द्या. प्रत्येक दगड गेला की आकडा मोठ्यानं सांगायचा. अकरा वर्षांचं पोर यात रमतं, आणि गाडी थांबेल तेव्हा शेवटचा आकडा त्याच्या तोंडात असतो. सगळे क्रमांक कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. तिथंच गाडीची उंची मीटरमध्ये लिहा. रेल्वेखालच्या बोगद्यासमोर उभं राहून आठवत नाही ती.

पुतण्याला आजच कळवा की ते यंत्र आणू नको. भारतात सरकारी परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ बाळगता येत नाही. परदेशातून सहज म्हणून अशी यंत्रं घेऊन आलेल्या पाहुण्यांना आपल्या विमानतळांवर, गोव्यातसुद्धा, पकडलेलं आहे. अमेरिकेत ते डोंगरात फिरणाऱ्याचं साधं साधन असेल, इथं त्याच्यापायी पुतण्याची सुट्टी पोलीस ठाण्यात जायची.

गाडी ओढून न्यायची वेळ आली तर? विम्यासोबत मिळणारी रस्त्यावरची मदत बऱ्याचदा मोटारींसाठी आखलेली असते. वजन, लांबी, उंची सांगून आधीच विचारा: "एवढी गाडी उचलणार का, आणि किती किलोमीटर?" उत्तर लेखी घ्या. तुमची ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालते. मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढायची असेल तर जॉइंट, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा दांडा (प्रॉपेलर शाफ्ट), सोडावा लागतो, नाहीतर गिअरबॉक्स जातो. न बोलावता आलेल्या क्रेनवाल्याशी दर आधी ठरवा, त्याच्या गाडीच्या नंबराचा फोटो काढून घरी पाठवा.

विमा काढला त्या कागदांवर गाडी काय आहे हेही बघा. आरसी बुकात प्रवासी गाडी आणि आत पलंग-गॅस असं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार तो परवानगीविना केलेला बदल ठरू शकतो, आणि दाव्याच्या वेळी कंपनी नेमकं तेच काढते. जुनी गाडी घेताना हे निसटतं. आरटीओतल्या कामाला आठवडा गेला तरी चालेल.

बाकीचं भरभर सांगतो. गाडी स्टार्ट होत नसेल तर मोठ्या ट्रकच्या बॅटरीला वायर जोडू नका. मोठे ट्रक आणि एसटी बहुतेक २४ व्होल्टवर चालतात, आपली गाडी १२ व्होल्टवर. आतली सगळी इलेक्ट्रॉनिक्स एका क्षणात जातील. मदत मोटारीची घ्या. गाडीतल्या दिव्यांची लिथियम बॅटरी काढून स्टार्टरला लावायची कल्पनाही डोक्यातून काढा. चारही इंडिकेटर तासन्‌तास चालू ठेवले की स्टार्टरची बॅटरी बसते, म्हणून चुंबकानं चिकटणारे दोन लाल लुकलुकते दिवे ठेवा.

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला तर तो फ्रीजमुळे लागला असं समजू नका. कुंभार्लीत मी तेच समजलो. फॅन बेल्ट तुटला होता, त्यासोबत पाण्याचा पंप थांबला होता, आणि मी आणखी चार किलोमीटर चढ चढवला. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं, महिनाभर गाडी गॅरेजात. बेल्ट मिळाला असता किरकोळ पैशांत. इंजिन तापतंय असं दिसलं की एसी बंद, हीटर फुल, पहिल्या मोकळ्या जागी थांबायचं, आणि रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही.

गॅसची टाकी चालत्या गाडीत नेहमी बंद. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीवर साचतो, म्हणून वास नाकाला उशिरा येतो. गळती सांगणारं यंत्र जमिनीजवळ बसवा. वास आला तर व्हॉल्व्ह बंद, दार उघडं, सगळे बाहेर, आणि कुठल्याही बटणाला हात नाही, पंख्याच्यासुद्धा. गळतीसाठी क्रमांक १९०६. आग लागली तर माणसं बाहेर, बस. पाकिटासाठी परत जायचं नाही. आणि आता कळलं असेल, रस्त्याकडेला उभ्या गाडीत चहा का ठेवायचा नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. आपल्या गाड्या उभ्याच जास्त असतात, टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे असतात; २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली, बाजूला चिरा दिसल्या, की बदला, दुःख करू नका. स्टेपनीचंही तेच. गाडी समतल करायला खाली सोडतात त्या पायांवर गाडी उचलून चाक काढायचं नाही, त्यासाठी जॅक आणि त्याखाली लाकडी फळी. चाक बदललं की पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळा.

विकायचं की ठेवायचं, ते मी सांगणार नाही. पण अंगणात उभ्या गाडीकडे बघून हा निर्णय घेऊ नका. एका रविवारी यजमानांना अंगणातच स्टेपनी बदलायला लावा, तुम्ही घड्याळ घेऊन बसा. गंजलेला नट घाटात सापडण्यापेक्षा तिथं सापडलेला बरा. जाकिटं घालून, त्रिकोण ठेवून, 'कोण कुठे उभं राहणार' हे एकदा करून बघा. शेजारी हसतील, हसू द्या. मग एका रात्रीसाठी पन्हाळ्याला जा, दिवसाउजेडी, नातू आणि त्याच्या दगडांच्या आकड्यांसकट. वीस-बावीस किलोमीटर, वाटेत छोटा घाट, आणि काही बिघडलंच तर घरून कुणीही अर्ध्या-पाऊण तासात येईल.

फक्त ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय पन्हाळासुद्धा नको.